दवण्याच्या भावकीतली ऊब

कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या. तिसरी होईपर्यंत ओट्यापाशी उभं राहणं मला जमलं नाही. मी तिथेच फरशीवर बसले आणि भिंतीला पाठ टेकली. २०१९ ची दिवाळी होती, कोल्हापूरचं आमचं घर. शेवटचं रेडिएशन होऊन सात महिने झाले होते. केस परत आले होते, रिपोर्ट चांगले होते, आल्यागेल्याला मी बरी दिसत होते. सासूबाई आत आल्या, मला खाली बसलेली बघून घाबरल्या. "अगं, काय होतंय तुला?" त्यांनी विचारलं. मला उत्तर सापडेना. दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, ताप नव्हता. अंगात त्राण नव्हतं, एवढंच.

दमण्याला आपल्याकडे शब्द पुष्कळ आहेत. दिवसभर भांगलण करून आलेल्या बाईला शीण येतो, आणि रात्रीच्या झोपेने तो निघून जातो. तापातून उठलेल्याला अशक्तपणा येतो, तो पेज-भाताने भरून येतो. माझं या दोन्हींपैकी काहीच नव्हतं. नऊ तास झोपून उठले तरी रात्रभर जातं ओढल्यासारखं अंग जड असायचं. बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सुटायचं. दुधाचा हिशेब मांडायला बसले तर दोन ओळींनंतर आकडे डोक्यात थांबायचे नाहीत, आणि मी तर गणित शिकवणारी बाई.

या अवस्थेला डॉक्टरांच्या पुस्तकात स्वतंत्र नाव आहे: कर्करोगजन्य थकवा. केलेल्या कामाच्या मानाने तो फार जास्त असतो, विश्रांतीने हटत नाही, आणि शरीराबरोबर मन आणि डोकंही धरून ठेवतो. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ज्युलिएन बॉवर यांनी स्तनांच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या १,९५७ स्त्रियांची पाहणी २००० साली प्रसिद्ध केली. त्यातल्या जवळजवळ एक तृतीयांश स्त्रियांना उपचार संपल्यावरही हा थकवा होता. काही वर्षांनी त्यातल्याच अनेकींना पुन्हा विचारलं, तेव्हाही प्रमाण तसंच राहिलं होतं. अशा थकलेल्या स्त्रियांच्या रक्तात शरीरातल्या बारीक, धुमसत्या दाहाच्या खुणा अधिक सापडतात, हेही बॉवर यांच्याच पुढच्या कामातून दिसलं. म्हणजे हा मनाचा खेळ नाही आणि आळस तर मुळीच नाही.

त्या दिवाळीत मात्र मला यातलं काही माहीत नव्हतं. कोल्हापुरात एका डॉक्टरांना दाखवायला गेले. त्यांनी फाइल चाळली, मान डोलावली आणि म्हणाले, "ताई, सगळं नॉर्मल आहे. आता घरात मन रमवा." परत येताना मी रिक्षात रडले. कर्करोग झाल्याचं कळलं त्या दिवशीही मी इतकी रडले नव्हते.

एरवी नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही २०१४ पासून शांघायला राहत होतो, शहराच्या नैर्ऋत्येला सोंगच्यांग भागात. भारतीय कुटुंबांतल्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या मी घरी घ्यायचे. २०१८ मध्ये डाव्या स्तनात गाठ निघाली. शस्त्रक्रियेत काखेतल्या ग्रंथीही काढल्या, मग तांबड्या औषधाच्या चार केमो, त्यानंतर पॅक्लिटॅक्सेल आठवड्याला एक अशा बारा, मग रेडिएशन, आणि रोज रात्री टॅमॉक्सिफेनची गोळी. पॅक्लिटॅक्सेलने पायांची बोटं बधिर झाली ती बरेच दिवस तशीच राहिली. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे येणार आहे.

दिवाळीहून परतलो तेव्हा शांघायमध्ये थंडी सुरू होत होती. चीनमध्ये ह्वाय नदीच्या दक्षिणेकडच्या शहरांना उत्तरेसारखी सरकारी हीटिंगची सोय नाही. शांघायची थंडी ओली असते, ती भिंतींतून हाडांत येते. आमच्या वरच्या मजल्यावर हुबेइ प्रांतातून आलेल्या एक निवृत्त बाई राहायच्या. चिनीत मावशीला 'आयी' म्हणतात, म्हणून मीही त्यांना आयीच म्हणायचे, आणि प्रत्येक वेळी तोंडात आपलीच हाक आल्यासारखं वाटायचं. मी भारतातली हे कळल्यावर त्यांनी पहिल्याच भेटीत उच्चारलेलं नाव होतं 'क तीह्वा'. ते आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं चिनी नाव आहे. १९३८ साली ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. आयींनी ते शाळेत ऐकलं होतं. त्याच पथकातले डॉ. बिजॉयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन सुयांची विद्या, म्हणजे अॅक्युपंक्चर, शिकले आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस ती त्यांनी कोलकात्याला आणली.

एके सकाळी लिफ्टमध्ये आयींनी माझा हात धरला. तो थंडगार होता. दुसऱ्या दिवशी त्या मला आमच्या भागातल्या रुग्णालयाच्या चिनी वैद्यक विभागात घेऊन गेल्या.

तिथली डॉक्टर साधारण माझ्याच वयाची होती. तिने जीभ पाहिली, दोन्ही मनगटांची नाडी पाहिली, आणि मला कुणीच न विचारलेला प्रश्न विचारला: दिवसातली सगळ्यात वाईट वेळ कोणती? मग शून्य ते दहा आकड्यांची एक ओळ पुढे केली. शून्य म्हणजे थकवा नाही, दहा म्हणजे कल्पनेतला सगळ्यात वाईट थकवा. मी सातवर गोल केला. तिने आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायला पाठवलं. थायरॉइड ठीक होतं, हिमोग्लोबिन थोडं कमी होतं, त्यावर लोहाच्या गोळ्या दिल्या. त्यानंतर म्हणाली, आता 'आयज्यू' करू.

चिनी वैद्यकातल्या ज्या प्रकाराला जग अॅक्युपंक्चर म्हणतं, त्याचं चिनी नाव 'चेनज्यू' असं जोडनाव आहे. 'चेन' म्हणजे सुई, 'ज्यू' म्हणजे आगीचा शेक. सुई जगभर गेली, शेक मागे राहिला. खरं तर शेकच जुना असावा. हुनान प्रांतात छांगशा शहराजवळ मावांगत्वी इथे इ.स.पूर्व १६८ साली बंद केलेली एक कबर १९७३ मध्ये उघडली. त्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे मजकूर निघाले. शरीरातल्या अकरा वाहिन्यांवर शेक कसा द्यायचा हे त्यांत आहे, सुयांचा मात्र उल्लेख नाही. सुई आणि शेक दोन्हींना मिळून युनेस्कोने २०१० साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

शेक द्यायचा तो एका झाडाच्या पाल्याने. चिनीत त्या झाडाला 'आय' म्हणतात. पाचव्या चांद्र महिन्याच्या पाचव्या दिवशी, होड्यांच्या शर्यतींच्या सणाला, याच झाडाच्या डहाळ्या दारावर टांगतात. आपण दसऱ्याला तोरण बांधतो तसंच ते मला वाटायचं. पानाची मागची बाजू पांढरट, लवदार असते. पानं वाळवून, कुटून, चाळून चाळून त्यातली पूड आणि देठ काढून टाकले की मागे कापसासारखा पिवळट पुंजका उरतो. तो जितका जुना तितका चांगला, तीन वर्षं मुरलेला असेल तर उत्तम, असं मानतात. तो कागदात घट्ट वळून विडीसारखी, पण अंगठ्याएवढी जाड आणि वीतभर लांब कांडी करतात. आयींच्या हुबेइतला छीछुन तालुका या पाल्यासाठी नावाजलेला आहे. औषधींचा प्रचंड कोश लिहिणारे सोळाव्या शतकातले ली शिचन तिथलेच, हे सांगताना आयींचा चेहरा खुलायचा.

कांडी पेटली तेव्हा तो वास मला ओळखीचा वाटला, पण नाव सुचेना. घरी येऊन झाडाचं वनस्पतिशास्त्रीय नाव शोधलं: आर्टेमिसिया. जोतिबाच्या डोंगरावर चैत्रात वाहतो तो आपला दवणाही आर्टेमिसियाच. दोघांची जात वेगळी, कूळ एक. चिनी पाल्याचा वास अधिक उग्र, दवण्याचा गोड, पण भावकी कळते. हिवतापावरचं आर्टेमिसिनिन ज्या झाडातून काढलं आणि ज्यासाठी थू योयो यांना २०१५ चं नोबेल मिळालं, तेही याच कुळातलं तिसरं झाड.

पहिल्या दिवशीचं मला सगळं आठवतं. अरुंद पलंग, वर धूर ओढून घेणारी नळी, खाली पांघरूण. डॉक्टरने तीन ठिकाणं धरली. पहिलं गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर, नडगीच्या बाहेरच्या अंगाला, दोन्ही पायांना. याचं नाव 'त्सू-सान-ली', म्हणजे पायाचे तीन कोस म्हणावं असं काहीतरी. लोक सांगतात, इथे शेकलं की दमलेला माणूस आणखी तीन कोस चालतो. जपानी कवी बाशो १६८९ साली लांबच्या पायी प्रवासाला निघाला तेव्हा त्यानेही पायाला याच ठिकाणी शेक घेतला होता. मला पंढरीच्या वाटेवर मुक्कामाला पाय रगडून घेणारे वारकरी आठवले. दुसरं ठिकाण बेंबीखाली दोन बोटं, 'छी-हाय', प्राणशक्तीचा समुद्र. तिसरं बेंबीखाली चार बोटं, 'क्वान-युआन'.

कांडीचं पेटतं टोक त्वचेपासून दोन-तीन सेंटिमीटर वर धरायचं. टेकवायचं नाही. कधी एका जागी स्थिर, कधी गोल फिरवत, कधी चिमणी दाणा टिपते तसं वरखाली, आणि या पद्धतीचं नावच 'चिमणीची चोच' असं आहे. ती कांडी धरताना डॉक्टर दुसऱ्या हाताची दोन बोटं माझ्या त्वचेवर, त्या जागेच्या दोन्ही बाजूंना ठेवायची. मी विचारलं, कशाला? ती म्हणाली, "तुमच्या पायांना नीट कळत नाही. माझ्या बोटांना कळतं." एकूण वीस मिनिटं. उष्णता आधी कातडीवर असते, मग हळूहळू आत उतरते, पोटात एखादी जड, उबदार वाटी ठेवल्यासारखी. मला माझ्या बाळंतपणातली शेक-शेगडी आठवली. खाटेखालची निखाऱ्यांची घमेली, ओवा आणि बाळंतशेपांचा धूर, आणि आईने पांघरुणाचे काठ दाबून बसवलेले. कुणीतरी आपल्याला शेकतंय, ही भावनाही त्या उबेतच असते.

आठवड्याला तीन वेळा, चार आठवडे, अशा बारा वेळा मी गेले. बाराव्या वेळी पुन्हा आकड्यांची ओळ पुढे आली आणि मी चारवर गोल केला.

आता इथे वाचकाला मला स्पष्ट सांगायचं आहे. मला बरं वाटलं हा शेकाचा पुरावा नाही. त्या चार आठवड्यांत मी लोहाच्या गोळ्या घेत होते. रुग्णालयापर्यंत प्रत्येक वेळी सव्वा किलोमीटर चालत जात होते. एक डॉक्टर माझं म्हणणं नीट ऐकून घेत होती. यातलं काय किती कामाला आलं हे एका बाईच्या अनुभवावरून ठरत नाही. त्यासाठी चाचणी लागते, आणि शेकाची चाचणी घेणं कठीण असतं, कारण गोळीच्या जागी साखरेची गोळी देता येते, पण धूर आणि ऊब खोटी कशी द्यायची?

शांघायच्या संशोधकांनी यावर उपाय काढला. पेटत्या पाल्याऐवजी त्यांनी अवरक्त लेझर वापरला. तो त्याच जागा तापवतो, पण त्याला धूर नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत कर्करोगजन्य थकव्याचे ७८ रुग्ण होते. ठिकाणं तीच तीन, आठवड्याला तीनदा, चार आठवडे. निम्म्यांना खरा लेझर, निम्म्यांना नुसतं यंत्र, आणि कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही आणि मोजणाऱ्यालाही नाही. चार आठवड्यांनी शून्य ते दहाच्या मापावर खऱ्या गटाचा थकवा सरासरी ३ च्या आसपास आला, खोट्या गटाचा ४.४ राहिला. उपचार थांबवून महिनाभर झाल्यावरही फरक टिकून होता. चाचणी लहान आहे. पण प्रामाणिकपणे आखलेली आहे, आणि मी तिला किंमत देते.

दुसरी चाचणी मला त्याहून महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात कुणाकडे जायलाच लागत नाही. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये स्तनांच्या कर्करोगातून उठलेल्या २८८ स्त्रियांवर ती झाली, तीही २०१६ मध्येच प्रसिद्ध झाली. यातल्या काहींना शरीरावरच्या ठरावीक जागा बोटांनी रोज दाबायला शिकवलं, प्रत्येक जागा तीन मिनिटं. बाकीच्यांचे नेहमीचेच उपचार चालू राहिले. सहा आठवड्यांनी दाबणाऱ्यांपैकी साठ टक्क्यांहून जास्त स्त्रियांचा थकवा सर्वसामान्य माणसाच्या पातळीला आला, न दाबणाऱ्यांत एकतीस टक्के. कांडी नाही, धूर नाही, पैसा नाही.

२०२४ साली अमेरिकेच्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे ॲस्कोने, आणि पूरक उपचारांचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांच्या सोसायटीने मिळून थकव्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या सूचना लिहिणाऱ्यांत बॉवर आहेत. उपचार पूर्ण झालेल्यांसाठी त्यांत दोन प्रकारची क्रियापदं आहेत. व्यायाम, विचारांची सवय बदलणारी मानसोपचार पद्धत आणि सजगतेचा सराव हे सुचवावेत, असं म्हटलं आहे. योगासनं, बोटांनी दाबणं आणि शेक हे सुचवता येतील, असं म्हटलं आहे. 'सुचवावेत' आणि 'सुचवता येतील' यांतलं अंतर मोठं आहे, ते विसरून शेकाचा डंका पिटणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. पण आगीच्या कांडीला त्या यादीत जागा मिळाली, हेही खरं आहे. त्याआधी २०१७ साली ११३ चाचण्यांचा, म्हणजे अकरा हजारांहून अधिक रुग्णांचा एकत्र हिशेब मांडला गेला, त्यातही व्यायाम आणि मानसोपचार हे थकव्यावरच्या औषधांपेक्षा वरचढ ठरले होते. म्हणून मी शेकाच्या आधी चालायला सांगते. अर्धा तास जमत नसेल तर पाच मिनिटं, अंगणात.

आता पायांचं. २०२० च्या जानेवारीत संक्रांतीला आम्ही कोल्हापूरला आलो आणि साथीमुळे परत जाता आलं नाही. आयींनी दिलेल्या कांड्या माझ्या बॅगेत होत्या. मार्चमध्ये एका संध्याकाळी मी गच्चीवर एकटीच शेक घ्यायला बसले. डॉक्टरची दोन बोटं तिथे नव्हती. पायाला ऊब नीट कळत नव्हती म्हणून मी कांडी आणखी जवळ नेली. रात्री पाहिलं तर नडगीवर रुपयाएवढा फोड. तो भरायला तीन आठवडे लागले आणि डाग अजून आहे.

केमोने ज्यांचे हातपाय बधिर झाले आहेत, ज्यांना मधुमेहामुळे संवेदना कमी आहे, त्यांनी एकट्याने शेक कधीही घेऊ नये. काखेतल्या ग्रंथी काढलेल्या बाजूच्या हाताला शेक देऊ नये. भाजलं, फोड आला, जंतू शिरले की तो हात सुजतो आणि ती सूज आयुष्यभर सांभाळावी लागते. रेडिएशन झालेल्या कातडीला, जखमेला, छातीच्या त्या बाजूला आगीजवळ नेऊ नये. प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशी कमी असताना नको. दमा असेल तर धूर नको, आणि बंद खोलीत तर कुणालाच नको. गरोदरपणात नको. ताप आहे, वजन कारणाशिवाय घटतंय, दम लागतोय, तर ते थकव्याच्या नावावर खपवू नका, कर्करोगाच्या डॉक्टरांकडेच जा. आणि कुणी लोखंड तापवून डाग द्यायला बसला तर उठून निघा. मेळघाटात तान्ह्या मुलांच्या पोटावर विळा तापवून जे डाग देतात, त्याने मुलं जायबंदी होतात. कातडीपासून दोन बोटं दूर धरलेल्या उबेचा त्याच्याशी काही संबंध नाही.

महाराष्ट्रात अॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे. ज्यांच्याकडे जाल त्यांची नोंदणी आधी विचारा. टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलची गोळी शेकासाठी बंद करायला सांगणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. थकवा उतरवणारा उपचार वेगळा आणि रोग परत येऊ नये म्हणूनचा उपचार वेगळा, या दोघांची अदलाबदल होत नाही.

सासूबाई गेल्या वर्षापर्यंत मला विचारायच्या, "आज किती गं?" त्यांना त्या आकड्यांची ओळ मी शिकवली होती. तीन असेल तर भाकऱ्या मी थापायचे, सहा असेल तर त्या. ही विचारपूस मला औषधाइतकीच पुरली. आमच्या घरात आता थकव्याला नाव आहे आणि तो बोलून दाखवता येतो.

स्तनांच्या कर्करोगाच्या उपचारांतून गेलेली तुमची आई, बहीण, जाऊ किंवा तुम्ही स्वतः असाल, तर पुढच्या तपासणीला जाताना एका चिठ्ठीवर शून्य ते दहामधला आपला आकडा लिहून न्या. तो चार किंवा त्याहून जास्त असेल तर डॉक्टरांना तो दाखवल्याशिवाय खोलीबाहेर येऊ नका, आणि हिमोग्लोबिन व थायरॉइड तपासून मागा.